हिवाळी पायवाट (भाग ५) : थवा येईपर्यंत थांबा

मागच्या भागात आपण माळरानावर भोवत्या बघितला. या आठवड्यात डोंगरउताराच्या झाडीत शिरू. सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीच्या बाजूच्या दरीत ओढ्याकाठची झाडी आहे. पुण्याचे पक्षिनिरीक्षक डिसेंबर-जानेवारीत हमखास तिथे असतात.

नवख्यांची तक्रार ठरलेली. तासभर चाललो, एक पाखरू दिसलं नाही. आणि मग अचानक एकाच झाडावर इतकी आली की दुर्बीण कुठे लावावी ते कळेना. दोन्ही खरं आहे. हिवाळ्यात विणीचा हंगाम संपलेला असतो. जोडी, घरटं, पिल्लं यांत कुणी अडकलेलं नसतं, त्यामुळे झाडीतले बरेचसे छोटे कीटकभक्षी पक्षी वेगवेगळ्या जातींची टोळी करून चरत हिंडतात. टोळी इथे असली की बाकीची झाडी सुनी. म्हणून माझा सल्ला एकच : चालणं कमी करा.

थांबायचं कुठे, ते ऊन सांगतं. पहाटेच्या गारठ्यात किडे निपचित असतात. रात्रभर अंगातली चरबी जाळून पाखरं मात्र भुकेली झालेली असतात. ज्या शेंड्यावर पहिलं ऊन पडतं तिथे किडे आधी हलू लागतात, आणि पाखरंही तिकडेच वळतात. दरीत ऊन उशिरा उतरतं, तेव्हा अगदी अंधारात पोचायची घाई नको. भडक कपडे नकोत, एवढं पुरे.

टोळी आधी ऐकू येते. चष्मेवाल्यांची बारीक किणकिण, रामगंगेची ठसठशीत शीळ, मग पानं हलायला लागतात. नीट बघितलं तर प्रत्येकाचा मजला वेगळा आहे. छोटे निखार वरच्या फांद्यांत, सुभग मधल्या पानोळ्यात, आणि खाली झुडपांत नाचण. नाचणाकडे जरा वेळ द्या. शेपटीचा पंखा उघडतो, या कुशीवरून त्या कुशीवर वळतो, पुन्हा उघडतो. त्या हालचालीने दडलेले किडे उठतात आणि तो ते टिपतो. निसटलेल्यांवर कोतवालाची नजर असते. कोतवाल दुसऱ्याच्या चोचीतला घासही हिसकावतो, तरी टोळीला तो चालतो. शिकारी शिक्रा आला की पहिली हाळी बहुधा कोतवालाचीच, आणि क्षणात सगळं झाड गप्प होतं. अनेक डोळे पहाऱ्याला असले की प्रत्येकाला मान खाली घालून खायला जास्त वेळ मिळतो.

याच झाडीत आपले पाहुणे असतात. पूर्व युरोपाकडून येणारी लाल छातीची लिटकुरी शेपटी वर उडवत 'टिर्र' करते. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसले की ओळख पक्की. हिमालयातून आणि मध्य आशियातून येणारा हिरवट पर्णवटवट्या मात्र दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतो. चिमणीहूनही लहान, मळकट हिरवा, भुवईची फिकट रेघ आणि पंखावर बारीक पट्टी. दिवसभर तो 'चिस्वी, चिस्वी' करत राहतो. ही नुसती बडबड नव्हे. तो हिवाळ्यापुरती आपली हद्द राखत असतो. दक्षिण भारतात पायांत रंगीत कडी घालून झालेल्या अभ्यासांत तोच पक्षी पुढल्या हिवाळ्यात त्याच जागी परतलेला आढळला आहे.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. पक्षी फोटोसाठी पुढे यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवण्याची पद्धत हल्ली फार वाढली आहे. ऐकणाऱ्या पक्ष्याला तो हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी वाटतो. खायचं सोडून तो त्याला हुसकावायला धावतो, आणि गर्दीच्या जागी एका सकाळी हे कितीदा तरी घडतं. पाहुण्या पक्ष्याला एप्रिल-मेपर्यंत परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. येत्या रविवारी दरीत जाल तेव्हा मोबाइल खिशातच ठेवा, आणि सोबतच्यांनाही तसं सांगा.