शेवटच्या घरापर्यंत पोहोचणारी सूचना

समुद्रावर चक्रीवादळ उत्पन्न झाले म्हणजे त्याच्या मध्यभागी हवेचा दाब उतरतो. दाब एक मिलीबारने घटला की तेथील पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर चढते. ही वाढ अल्पच होय. खरे संकट ओढवते ते वाऱ्यामुळे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यावर वाऱ्याचा रेटा बसला म्हणजे त्या पाण्यास मागे परतण्यास वाव उरत नाही. ते साचत साचत जमिनीवर चढते. यालाच वादळी उधाण म्हणतात.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर असे महाचक्रीवादळ आदळले. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्र कित्येक किलोमीटर आत शिरला. राज्यात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. हवामानखात्याने सूचना दिली होती. परंतु भक्कम निवारे मोजकेच होते, आणि सूचना मिळाल्यावर कोणी काय करावे हे बहुतेक गावांत ठरलेले नव्हते.

त्यानंतर किनाऱ्यावर खांबांवर उभारलेले निवारे बांधण्यात आले. एरव्ही त्यांपैकी अनेकांत शाळा भरतात. गावोगावी स्वयंसेवकांची पथके तयार झाली. एक पथक दारोदार सूचना पोहोचविते, दुसरे अडकलेल्यांना सोडविते, तिसरे प्रथमोपचार करते, तर चौथे निवाऱ्याची व्यवस्था पाहते. कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, कोणती स्त्री गरोदर आहे, हे शेजाऱ्यास जितके ठाऊक असते तितके दूरच्या कचेरीस असणे शक्य नाही. स्वयंसेवकाचे खरे बळ या माहितीत आहे. वेळोवेळी तालीम केल्याने ऐन प्रसंगी गोंधळ टळतो.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ वादळ आले, तेव्हा ओडिशात सुमारे १० लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. कोणतीही दोन वादळे सर्वस्वी सारखी नसतात, हे खरे; तथापि एवढा मोठा फरक केवळ वाऱ्याच्या कृपेने पडत नाही.

२०२० साली ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या दोन गावांना युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगाने ‘त्सुनामी-सज्ज’ अशी मान्यता दिली. तेथे धोक्याचे नकाशे, सुटकेच्या वाटा आणि ग्रामसमिती यांची पूर्वतयारी झालेली होती. उपग्रह वादळ दुरून पाहू शकतो. परंतु झोपलेल्या म्हातारीस हाताला धरून निवाऱ्यात नेण्याचे काम गावातल्याच माणसास करावे लागते.