लहान कार्यालयासाठी वायफाय ॲक्सेस पॉइंटची निवड

कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. पुढे २०२० मध्ये केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना हाती घेतली. अशा कंपन्यांच्या लहान कार्यालयांत खरेदीची नोंद, वजनपावती व सभासदाच्या खात्यावर रक्कम वर्ग करणे ही कामे संगणकावर व मोबाइलवर होतात. हंगामात काट्यापाशी ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना वायफाय बंद पडले, तर नोंद थांबते आणि माल उघड्यावर राहतो. अशा वेळी जास्त अँटेनांचा मोठा राउटर घेण्याचा सल्ला दिला जातो. परंतु पुष्कळदा दोष यंत्राच्या ताकदीत नसून त्याची जागा, संख्या व जोडणी यांत असतो.

ॲक्सेस पॉइंटचे कार्य

तुषार सिंचन संचाचे उदाहरण घेऊ. बाहेरून येणारी इंटरनेट जोडणी म्हणजे विहीर, राउटर म्हणजे मुख्य झडप, केबल म्हणजे पाइप आणि ॲक्सेस पॉइंट म्हणजे तुषार तोटी. तोटी मोठी बसविली म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही. म्हणून खरेदीपूर्वी एक संगणक केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासावा. तेथेच वेग कमी असेल तर दोष जोडणीत आहे. नवा ॲक्सेस पॉइंट घेऊन उपयोग होणार नाही.

उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची शक्ती एक चतुर्थांश उरते. शिवाय संवाद दुहेरी असतो. ॲक्सेस पॉइंटची शक्ती वाढविली तरी मोबाइलची क्षीण लहर परत पोहोचली पाहिजे. म्हणून कोपऱ्यातील एका शक्तिमान यंत्रापेक्षा योग्य जागी बसविलेली दोन साधी यंत्रे सरस ठरतात.

निवडीपूर्वी करावयाची पाहणी

१) जागेचा कच्चा नकाशा काढून भिंतींची नोंद करावी. लाकडी फळीतून लहरी सहज जातात, विटांच्या भिंतीत घटतात, काँक्रीटमध्ये अधिक घटतात. लोखंडी पत्रा, कपाट व रॅक लहरी अडवितात. ओलावा लहरी शोषून घेतो. त्यामुळे रिकाम्या गोदामात घेतलेली चाचणी धान्याची थप्पी लागल्यावर खोटी ठरू शकते.

२) उपकरणे मोजावीत. तीन संगणक, दोन प्रिंटर, दहा मोबाइल व एक टॅब्लेट अशी बेरीज सोळा होते. हंगामात येणाऱ्या सभासदांचे मोबाइल वेगळे धरावेत.

३) जे उपकरण जागचे हलत नाही ते केबलने जोडावे. संगणक, प्रिंटर व कॅमेरे केबलवर गेले की वायफायवरील भार कमी होतो. एका वाहिनीवर एका वेळी साधारणतः एकच उपकरण बोलते, बाकीची थांबतात. दूरच्या मोबाइलचा वेग कमी असल्याने तो इतरांचाही वेळ खातो.

यंत्रात पाहावयाचे गुण

पट्टे : २.४ व ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे असावेत. पहिला लांब जातो व भिंतीतून बरा पोहोचतो, पण त्यावर गर्दी फार असते. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या १, ६ व ११ अशा तीनच वाहिन्या मिळतात. दुसरा वेगवान असून त्यात वाहिन्या पुष्कळ आहेत, मात्र त्याचा पल्ला कमी आहे.

पिढी : 'वायफाय ६' हे मानक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक उपकरणे एकत्र चालविण्यासाठी त्यात विशेष सुधारणा आहेत. नवीन खरेदीत तेच घ्यावे. खोक्यावरील वेगाचा आकडा सर्व पट्ट्यांची सैद्धांतिक बेरीज असते. प्रत्यक्षात वेग त्यापेक्षा बराच कमी मिळतो.

वीजपुरवठा : एकाच इथरनेट केबलमधून वीज व माहिती दोन्ही घेणारे यंत्र निवडावे, म्हणजे छतापाशी वेगळी वीजजोडणी लागत नाही. केबल संपूर्ण तांब्याची असावी व एका टप्प्यात १०० मीटरपेक्षा लांब नसावी. राउटर, स्विच व ॲक्सेस पॉइंट तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. एक जरी सुटले तरी वीज जाताच काम थांबते.

सुरक्षितता : सभासदांचे खाते क्रमांक व आधारची माहिती कार्यालयात असते. म्हणून डब्ल्यूपीए-३, निदान डब्ल्यूपीए-२ सुरक्षा असावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करण्याची सोय पाहावी. कारखान्याचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा आणि बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी. उत्पादक किती वर्षे सुधारित सॉफ्टवेअर पुरविणार, हे दरपत्रकात लिहून घ्यावे.

बसविण्याची पद्धत

समजा, तीन खोल्यांचे कार्यालय व शेजारी पत्र्याचे गोदाम आहे. एक यंत्र मधल्या खोलीच्या छताला व दुसरे गोदामात काट्याच्या बाजूला बसवावे. कपाटावर किंवा कोपऱ्यात ठेवू नये. दोन्हींना जाळ्याचे नाव व पासवर्ड एकच द्यावा, वाहिन्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात. केबलशिवाय चालणारा रिपीटर शक्यतो टाळावा. साधा रिपीटर तीच वाहिनी घेण्यासाठी व पुढे देण्यासाठी वापरतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल नेल्यास विजा चमकताना यंत्रे जळण्याचा धोका असतो. तेथे ऑप्टिकल फायबर टाकावी व गोदामातील यंत्राला तेथूनच वीज द्यावी.

खिळे ठोकण्यापूर्वी यंत्र तात्पुरते टांगून, दारे बंद करून, प्रत्येक कामाच्या जागी मोबाइलवरील ॲपने लहरींची तीव्रता मोजावी. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगली, म्हणजे उणे ६० कडे जाणारी तीव्रता कामास पुरेशी असते. उणे ७५ च्या खाली गेल्यास यंत्राची जागा बदलावी.

थोडक्यात, आधी नकाशा, मग उपकरणांची मोजणी, त्यानंतर केबल व शेवटी यंत्र असा क्रम ठेवावा. तीन दरपत्रके घेताना ती याच नकाशावर मागवावीत, म्हणजे तुलना खरी होते. ही कामे हंगामापूर्वी उरकून गोदाम भरल्यावर पुन्हा एकदा तीव्रता तपासावी. असे केल्यास सभासदांचा पैसा अनावश्यक यंत्रावर खर्च होत नाही व खरेदीच्या दिवशी काटा थांबत नाही.