रहस्यकथेतला बटलर

इंग्रजी रहस्यकथेत बटलर हे पात्र वरचेवर भेटते. बटलर म्हणजे साहेबाच्या घरचा वरिष्ठ नोकर. दार उघडणे, पाहुण्यांच्या बॅगा खोलीत नेणे, चहा-जेवण वेळेवर मांडणे आणि ऐकलेले सारे पोटात ठेवणे, हे त्याचे काम. घरात खून पडला की वाचकाची पहिली नजर त्याच्यावर. तो इतका सरावाचा झाला की 'खून बटलरनेच केला' ही विलायतेत थट्टेची म्हणच होऊन बसली.

आज आम्ही एका विशिष्ट बटलरविषयी बोलणार आहोत. १९३९ साली तो एका इंग्रजी कादंबरीत जन्मला आणि त्याच कादंबरीत कुऱ्हाडीच्या घावाने मेला. पुढे १९६५ साली मुंबईच्या पडद्यावर तो लुंगी नेसून पुन्हा उभा राहिला, आणि त्याला पाहून सारा देश पोट धरून हसला. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने सिनेमावर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण हा विषय नोकराचाच आहे.

कादंबरी अगाथा ख्रिस्तीबाईंची. तिचे आज रूढ असलेले नाव 'अँड देन देअर वेअर नन', म्हणजे 'आणि मग कोणीच उरले नाही'. महायुद्ध पेटून दोन महिने होत होते तेव्हा ती इंग्लंडात प्रसिद्ध झाली. डेव्हनच्या किनाऱ्यासमोर एक बेट. बेटावर एकच बंगला. निरनिराळ्या निमित्तांनी आठ पाहुण्यांना तेथे बोलावलेले असते. बंगल्यावर रॉजर्स नावाचा बटलर आणि त्याची बायको. एकूण दहा. वादळ उठते, होडी येत नाही, आणि माणसे एकेक करून मरू लागतात. आगबोटीच्या काळात पावसाळा लागला की बोट बंद होई, ते दिवस पाहिलेल्या देवगडकरांना त्या बेटाची कोंडी वेगळी समजावून सांगायला नको.

ह्या दहाजणांनी कधी ना कधी एकेक जीव घेतलेला आहे, असा त्यांच्यावर आरोप आहे, आणि प्रत्येकाचा गुन्हा असा की कायद्याचा हात तिथवर पोचत नाही. एका श्रीमंत तरुणाने भरधाव मोटारीखाली दोन मुले चिरडली. एका डॉक्टरने दारूच्या नशेत शस्त्रक्रिया केली. एका धर्मनिष्ठ बाईने घरची मोलकरीण गरोदर राहिली म्हणून तिला हाकलून दिले आणि त्या पोरीने नदी जवळ केली. एका साहसी साहेबाने पूर्व आफ्रिकेत २१ एतद्देशीय माणसांना रानात सोडले आणि अन्न घेऊन पळ काढला. पुस्तक करमणुकीचे खरे, पण मालकाने नोकराचा आणि गोऱ्याने काळ्याचा घेतलेला जीव ह्या बाईंनी त्या हिशेबात धरला आहे. रॉजर्स दांपत्यही सुटलेले नाही. आजारी मालकिणीला वेळेवर औषध दिले नाही, हा त्यांच्यावरचा आरोप.

रॉजर्सची नोकरी पाहा. मालक त्याने कधी पाहिलेला नाही. नेमणूक एजन्सीमार्फत, हुकूम पत्राने. मालकाचे नाव यू. एन. ओवेन. हे भरभर उच्चारले की इंग्रजीत 'अननोन' ऐकू येते, म्हणजे अज्ञात. कंत्राटदाराच्या चिठ्ठीवर कामाला लागलेल्या आमच्या माणसांना विचारा, खरा मालक कोण? उत्तर तेच मिळेल. पहिल्या रात्री रॉजर्स लेखी हुकुमाप्रमाणे ग्रामोफोनवर एक तबकडी लावतो. तीत काय आहे ते त्याला ठाऊक नसते. तबकडीतून आवाज येतो आणि दहाही जणांवरचे आरोप वाचून दाखवतो, त्यात त्याचे आणि बायकोचेही नाव. कॉफीचा ट्रे त्याच्या हातून खाली पडतो. म्हणजे ह्या गरिबाने स्वतःचे आरोपपत्र स्वतःच्याच हाताने वाजवले! त्याच रात्री बायको झोपेत मरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांची न्याहारी नेहमीप्रमाणे मेजावर. पुढच्या सकाळी न्याहारी तयार नसते तेव्हा मंडळी शोधाशोध करतात. चुलीसाठी लाकडे फोडता फोडताच त्याला कोणी मारलेले असते. नोकर आहे हे साहेबांच्या ध्यानात येते ते चहा आला नाही म्हणजे. हे ख्रिस्तीबाईंनी एकही भाषण न करता दाखवले.

ह्या भयकथेत हास्य प्रथम आणले ते फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेअर याने, १९४५ साली हॉलिवुडमध्ये. हा माणूस कामगारांना परका नाही. १९३१ साली त्याने एक हास्यपट काढला होता, त्यात तुरुंगातली रांग आणि कारखान्यातली रांग शेजारी शेजारी दाखवली होती. चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' १९३६ साली आला तेव्हा क्लेअरच्या कंपनीने चोरी म्हणून दावा ठोकला. स्वतः क्लेअरला मात्र चॅप्लिनने आपले काही घेतले असेल तर तो मानच वाटला. अशा माणसाने ख्रिस्तीबाईंचे बेट हलक्या हाताने रंगवले. माणसे एकमेकांवर पाळत ठेवतात आणि त्या पाळतीचेच हसू येते. शेवटही गोड केला. ती सवलत बाईंनीच १९४३ च्या आपल्या नाटकात देऊन ठेवली होती.

मग १९६५ साली आपल्याकडे 'गुमनाम' आला. (त्याच वर्षी विलायतेतही हीच कथा पुन्हा पडद्यावर आली; तिथे बेटाऐवजी बर्फाळ डोंगर होता.) 'गुमनाम'चे दिग्दर्शक राजा नवाथे, आपला मराठी माणूस, राज कपूरच्या 'आह'चे दिग्दर्शनही त्यांचेच. नायिका नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची कन्या. ज्यांनी १९३८ साली अत्र्यांच्या लेखणीवर 'ब्रह्मचारी' काढून महाराष्ट्राला हसवले, त्यांच्या घरचे हे रक्त. शिवाय धुमाळ. गीतकार दोघे, शैलेंद्र आणि हसरत जयपुरी. सिनेमात येण्यापूर्वी पहिला माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात कामाला होता, दुसरा मुंबईत बसचा कंडक्टर. आणि बटलर झालेला महमूद एके काळी दुसऱ्यांच्या मोटारी हाकत होता. पडद्यावरच्या नोकराला घडवणाऱ्या ह्या मंडळींनी स्वतः नोकरी केलेली होती, हे आम्हांला विसरवत नाही.

'गुमनाम'मध्ये बक्षिसाची सहल म्हणून विमानाने निघालेले प्रवासी निर्जन जागी उतरवले जातात. विमान त्यांना टाकून उडून जाते. भटकत भटकत ते एका हवेलीशी पोचतात. तिथे बटलर. खून होतात, अंधारातून बाईचा गाण्याचा आवाज येतो. (त्या गाण्याची चाल ऐकताना 'शॅरेड' ह्या १९६३ च्या अमेरिकी चित्रपटाचे संगीत आठवते. शंकर-जयकिशन यांच्यावर आमचा राग नाही, पण कान आहेत.) खुनी कोण हे आम्ही सांगणार नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा आनंद का हिरावून घ्या?

रूपांतरात गेले काय, हे मात्र सांगितले पाहिजे. मूळ कादंबरीत दहाजणांचे दहा निरनिराळे गुन्हे, आणि त्यांतून साऱ्या प्रतिष्ठित समाजाची झडती. हिंदी पटकथेत धागा एकाच जुन्या खून-प्रकरणाला नेऊन बांधला. त्यामुळे गुन्हा थोड्या बदमाशांचा झाला आणि प्रेक्षकांतले सभ्य लोक निर्धास्त बसले. मोलकरीण गेली, आफ्रिकेतली माणसेही गेली. आमच्या मते हा तोटा मोठा आहे.

आणि मिळाला तो महमूद. हैदराबादी ढंगाची हिंदी, ओठावर चिमुकली मिशी, चालण्यात ठुमका. त्याला सारे बटलर म्हणूनच हाक मारतात. चित्रपटाचे नाव गुमनाम, आणि ज्याला खरोखरच नाव नाही असा त्यात तो एकटा! पुस्तकात अज्ञात होता तो मालक. इथे बिननावाचा आहे तो नोकर. पण पुस्तकातला रॉजर्स शेवटच्या दिवसापर्यंत 'होय साहेब' म्हणतो. हा उलट बोलतो, टोमणा मारतो, स्वयंपाकघर हे आपले राज्य मानतो. त्याला एक स्वप्नही मिळते. स्वप्नात तो झकपक कपडे घालून हेलनबरोबर नाचतो आणि आपल्या काळ्या रंगाविषयी बेधडक गातो. आणि रॉजर्स मेला, हा जगतो.

त्या काळ्या रंगाच्या गाण्यावर आमच्या मंडळींत वाद होतात. तरुण कार्यकर्ते म्हणतात, ही काळ्या माणसाची टिंगल आहे. नायकाला स्वप्न पडण्याची गरज लागत नाही. काळ्या नोकराला गोरी बाई स्वप्नातच मिळते. हे बरोबर आहे. ख्रिस्तीबाईंच्या पुस्तकाला इंग्लंडात प्रथम जे नाव होते त्यात काळ्या लोकांसाठी वापरली जाणारी एक शिवी होती. अमेरिकेत १९४० साली ते नाव बदलूनच पुस्तक निघाले. इंग्लंडात जुने नाव १९८५ पर्यंत चालू राहिले. म्हणजे ह्या कथेला रंगाचा डाग जन्मापासूनचा. तरीही आम्हांला वाटते, पडद्यावर महमूद रडगाणे गात नाही. तो हक्क सांगतो. हसू येते ते त्याच्या ऐटीचे.

दशावतार पाहिलेल्यांना ह्यात नवल वाटू नये. आमच्याकडे देव छापील मराठी बोलतात आणि काळ्या बुरख्याचा, लाल जिभेचा शंकासूर मालवणीत बोलतो. वेद चोरणारा राक्षस तो. विष्णूच्या हातून मरायचे हे ठरलेलेच. पण मरेपर्यंत रंगभूमी त्याची. पोरे भितात आणि त्याच्याच बोलण्यावर हसतात. प्रेक्षकाची बोली ज्याच्या तोंडी, त्याच्यावर प्रेक्षक जीव टाकतो. महमूदने हैदराबादी बोलीतून तेच साधले. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असे दशावताऱ्याविषयी म्हणतात. बटलरचे स्वप्न तरी दुसरे काय आहे?

सगळेच विनोद असे साधत नाहीत. १९७८ साली इंग्रजांनी शेरलॉक होम्सच्या 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ह्या कादंबरीवर विनोदी चित्रपट काढला. पीटर कुक होम्स, डडली मूर वॉटसन. शिवाय मूरच होम्सची आई आणि एका पायाचा उमेदवारही. एकापेक्षा एक विनोदी नट जमवले, आणि चित्रपट पडला. मूळ दंतकथेत एक मस्तवाल जमीनदार शेतकऱ्याची पोर पळवून कोंडतो आणि त्या पापापोटी कुत्रा त्याच्या घराण्यामागे लागतो. भीती आहे ती तिथे. विनोदकारांनी ती सोडून दिली आणि लहान कुत्र्याच्या लघवीवर हशे मागितले. उलट 'वस्त्रहरण' घ्या. गंगाराम गवाणकरांनी १९८० साली महाभारताची फजिती मांडली, मच्छिंद्र कांबळींनी ती गाजवली. हसू होते ते नाटक बसवणाऱ्या गावकऱ्यांच्या धडपडीचे, आणि ती धडपड लेखकाला आतून माहीत होती.

आता घरचे सांगतो. देवगड, मालवण, वेंगुर्ला हा मुलूख १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि इथून मुंबईला गेलेले कितीतरी पुरुष गिरणीत लागले नाहीत ते शेठांच्या घरी घरगडी म्हणून राहिले. आईबापांनी कोणाचे नाव विठ्ठल ठेवलेले, कोणाचे बाबू, कोणाचे सखाराम. शेठाणी सर्वांना एकाच नावाने हाक मारी : रामा. नाटका-सिनेमांतून हा 'रामा' हसण्यासाठी उभा केला गेला. आमच्याच बापजाद्यांची बोली त्याच्या तोंडी घातली, पण त्याला ना स्वप्न दिले, ना उलट उत्तर. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने कल्याण मंडळाचा कायदा केला तो २००८ साली. मंडळाच्या नोंदणीचा अर्ज भरताना पहिल्या रकान्यात नाव लिहायचे असते. तिथे अजून काही म्हातारे आधी 'रामा' म्हणतात, मग थांबून खरे नाव सांगतात.