खुब्याचं फ्रॅक्चर : जुनी प्लेट आजही भरवशाची

म्हातारपणी घरातल्या घरात पडून खुब्याचं हाड मोडलं, की आधी प्रश्न येतो, ‘या वयात ऑपरेशन कशाला?’ आणि ऑपरेशन ठरलंच, तर ‘मग सगळ्यात नवं तेच बसवा’. या दोन्हींमागची माया खरी असली, तरी पुरावा वेगळंच सांगतो. पायाला वजन लावून महिना-दोन महिने झोपवून ठेवलं तर हाड कदाचित जुळेल. पण तोवर पाठीला जखमा, न्यूमोनिया आणि शिरांतल्या गुठळ्या रुग्णाला गाठतात. त्याला लवकर उभं करण्यासाठीच ऑपरेशन करायचं. त्यासाठी, फ्रॅक्चर स्थिर असेल, म्हणजे तुकडे मोजके आणि हाडाची बाहेरची भिंत शाबूत असेल, तर प्लेट आणि सरकता स्क्रू पुरेसा असतो.

मांडीच्या बाहेरून एक जाड स्क्रू हाडाच्या मानेतून खुब्याच्या गोळ्यात बसवतात. त्याचं मागचं टोक प्लेटच्या नळीत मोकळं असतं. नळी आणि प्लेट यांच्यात बहुधा १३५ अंशांचा कोन असतो आणि प्लेट लहान स्क्रूंनी हाडाला घट्ट केलेली असते. रुग्णाने पायावर भार दिला की स्क्रू नळीत किंचित मागे सरकतो आणि तुकडे एकमेकांवर दाबून बसतात. पूर्वीच्या न सरकणाऱ्या खिळ्यांत ही सोय नव्हती; हाड दबलं की खिळा गोळा भेदून सांध्यात शिरायचा किंवा मोडायचा.

हाडाच्या पोकळीत घालायच्या नव्या रॉडला छेद लहान लागतो, आणि अस्थिर फ्रॅक्चरमध्ये बहुतेक सर्जन तोच पसंत करतात, हे मान्यच. पण स्थिर फ्रॅक्चरमध्ये पुढच्या चालण्या-फिरण्यात त्याने ठळक फायदा होत नाही, असं चाचण्यांत दिसलं आहे. उलट रॉडपाशी हाड नव्याने मोडण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०११मध्ये अशा फ्रॅक्चरला सरकत्या स्क्रूची शिफारस केली. ‘ठिसूळ हाडात स्क्रू निसटेल’ ही शंका रास्त आहे. मात्र त्याचं मोठं कारण स्क्रूची चुकलेली जागा असते. १९९५च्या एका अमेरिकी अभ्यासात, स्क्रूचं टोक गोळ्याच्या शिखरापासून समोरचा आणि बाजूचा असे दोन्ही एक्स-रे मिळून २५ मिलिमीटरच्या आत होतं, तिथे एकही स्क्रू निसटला नाही. तेव्हा नातेवाइकांनी डॉक्टरांना किमतीआधी विचारावं : फ्रॅक्चर स्थिर आहे का, ऑपरेशन आज-उद्या होईल का, आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण उभा राहील का?