उंच रॅकवरून कलंडलेला माल उतरविताना

मालसाठ्याच्या नजरगहाणावर कॅश क्रेडिट दिले की ठरावीक काळाने गोदामाची तपासणी करणे बँक अधिकाऱ्यास क्रमप्राप्त असते. अशाच एका तपासणीच्या वेळी भिवंडी परिसरातील एका गोदामात चौथ्या थरावरील पॅलेट पुढे झुकून जवळजवळ अर्धे बाहेर आलेले दिसले. त्यावर साबणाची खोकी होती. एक तरुण कामगार रॅकच्या खांबाला धरून वर चढू लागला होता आणि मुकादम त्याला "जपून" एवढेच सांगत होता. तपासणी बाजूला ठेवून मी त्याला खाली उतरावयास लावले. माझा अधिकार खरे तर मालाच्या मोजणीपुरताच!

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्योराज्यी विखुरलेली लहान गोदामे एकवटून मोठी व उंच गोदामे उभारण्याकडे व्यापाराचा कल वाढला. आपल्या ग्राहकांपैकी अनेकांचा माल आता अशा रॅकवरच असतो. आठ मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू सुमारे सव्वा सेकंदात जमिनीवर येते आणि त्या वेळी तिचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या घरात असतो. पाचशे किलोच्या पॅलेटखाली हेल्मेटचा काय उपयोग?

रॅकचे खांब पातळ पोलादी पत्र्याचे असतात. सरळ खाली येणारा भार ते उत्तम पेलतात, आडवा धक्का मात्र त्यांना सोसत नाही. आडव्या तुळया खांबांत अडकविलेल्या असतात व एका लहानशा खिटीने जागी राहतात. ती खिटी नसेल, तर फोर्कलिफ्टच्या काट्याचा खालून बसलेला धक्कादेखील तुळई निखळवू शकतो. मे २०१६ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील हिन्स्टॉक येथे गोदामातील रॅक कोसळून फोर्कलिफ्टचालक चीजच्या ढिगाखाली सुमारे आठ तास अडकून पडला होता. सुदैवाने तो वाचला.

म्हणून प्रथम मार्गिका दोन्ही टोकांनी बंद करावी. पाठीला पाठ लावून दुसरा रॅक असल्यास पलीकडची मार्गिकाही बंद करावी, कारण माल मागच्या बाजूलाही पडू शकतो. नंतर जमिनीवरूनच, दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने, एका प्रश्नाचे उत्तर शोधावे : केवळ माल सरकला आहे, की रॅकही दुखावला आहे? ईएन १५६३५ या युरोपीय मानकानुसार एक मीटर लांबीची सरळ पट्टी खांबाला लावून बाक मोजतात. तुळईच्या दिशेने ५ मिलिमीटर व रॅकच्या खोलीच्या दिशेने ३ मिलिमीटर ही मर्यादा असते. बाक याच्या दुपटीहून अधिक असेल, तर तो भाग तत्काळ रिकामा करावयाचा असतो. मात्र कलंडलेल्या मालाखाली उभे राहून ही मोजणी करू नये. खांब वाकलेला किंवा तुळई निखळलेली नजरेस पडताच काम थांबवून रॅकच्या उत्पादकाचा तंत्रज्ञ बोलवावा.

केवळ माल सरकला असेल, तर सिझर लिफ्ट किंवा कठडा असलेला उचलमंच भाड्याने आणावा. प्रशिक्षित कामगाराने मंचावरूनच, बाजूने, वरची खोकी थोडी थोडी उचलून मंचावर घ्यावीत. मंचाच्या भारक्षमतेचा आकडा पाटीवर लिहिलेला असतो; तो ओलांडू नये. सुरक्षापट्ट्याची दोरी मंचाच्या कड्याला बांधावी, रॅकला कदापि नाही. फोर्कलिफ्टच्या काट्यांवर किंवा त्यावरील मोकळ्या पॅलेटवर माणूस उभा करून वर पाठविणे ही आपल्याकडील सर्रास चाल आहे. ती सर्वांत घातक. बांबूने ढोसणे किंवा दोरीने ओढणे हेही तसेच. पॅलेट शाबूत असेल आणि काटे पूर्णपणे आत जात असतील, तरच ते यंत्राने उचलावे.

विम्याचा मुद्दा येथे सांगणे भाग आहे. स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स पॉलिसीत विमेदाराच्या स्वतःच्या वाहनाने दिलेला आघात वगळलेला असतो. आपल्या फोर्कलिफ्टने रॅक पाडला, तर भरपाई मिळेलच असे गृहीत धरू नये. पॉलिसीतील शब्द विमा कंपनीकडून समजून घ्यावेत. खराब झालेला माल स्टॉक स्टेटमेंटमध्ये वेगळा दाखवावा, म्हणजे आहरण मर्यादेचा हिशेब चुकत नाही.

भिवंडीच्या त्या गोदामात उचलमंच दुसऱ्या दिवशी दुपारी आला. खोकी उतरल्यावर पॅलेटची खालची फळी मधोमध तुटलेली आढळली. त्यातील अकरा खोकी चेपली होती. तेवढी मी साठ्यातून वजा केली.