गुणपत्रिकेत न मावणारे गुण

परीक्षा जवळ आली की काही मुलांचे डोके दुखू लागते, पोटात गोळा येतो, झोप उडते. डॉक्टरांच्या तपासणीत दोष सापडत नाही, तेव्हा कारण पुष्कळदा मनावरच्या ताणात असते. ‘मला काहीच येत नाही’ ही समजूत मनात घर करून बसलेली असते.

‘तू हुशार आहेस’ असे नुसते सांगून ती जात नाही. मुलाला पुरावा लागतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले, की आपल्याला जमेल या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः पार पाडलेले काम.

असा पुरावा साध्या फाइलमध्ये जमवता येतो. निबंधाचा कच्चा खर्डा व सुधारलेली प्रत, आधी चुकलेले आणि नंतर सुटलेले गणित, प्रयोगाची आकृती मुलाने स्वतः निवडून त्यात ठेवावी. सायकलचे पंक्चर काढले, दुकानाचा हिशेब लिहिला, याचीही नोंद करावी. दर रविवारी पंधरा मिनिटे बसून प्रत्येक कागदामागे तारीख व चार ओळी लिहाव्यात: काय अडले? त्यावर मी काय केले? हे कोणाच्या उपयोगी पडले? पुढच्या वेळी काय वेगळे करीन?

तीन-चार महिन्यांनी सगळे कागद एकत्र मांडून वाचावेत. धाकट्या भावाला शिकवताना आपण रमतो, हे एखाद्या मुलीला दिसेल. बिघडलेले यंत्र उघडले की आपल्याला वेळेचे भान राहत नाही, हे एखाद्या मुलाला कळेल. दहावीनंतरची वाट निवडताना ही नोंद शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यापेक्षा अधिक कामी येते.

पालकांनी मात्र पथ्य पाळावे. फाइलला गुण देऊ नयेत, शुद्धलेखन तपासू नये, पाहुण्यांपुढे ती उघडू नये. ‘हे कसे जमवलेस?’ एवढेच विचारावे आणि ऐकावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मूल्यमापनाला जागा दिली आहे. घरी सुरुवात करण्यासाठी शाळेची वाट पाहण्याचे कारण नाही.

फाइल हे औषध नव्हे. मूल दोन आठवडे सतत उदास असेल, जेवणखाण सुटले असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. जगणे नको असे बोलले तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.