सदोष खेळाचा दोष कोणाचा?

एखाद्या तरुणानें वर्षभर वाट पाहून संगणकावरचा नवा खेळ विकत घ्यावा, आणि तो सुरू होतांच मोटारी जमिनींत रुताव्या, माणसें भिंतींतून आरपार जावीं, ऐन रंगांत सारा खेळच बंद पडावा! अशा वेळीं तो संतापून म्हणतो, "करणाऱ्यांनीं आळस केला." हा निवाडा न्याय्य आहे काय, याचा आज आपण विचार करूं.

प्रथम या खेळांचा स्वभाव पाहिला पाहिजे. ज्यांस 'रोल-प्लेइंग' खेळ म्हणतात, त्यांत खेळणारा स्वतः एक भूमिका घेतो आणि त्याच्या निर्णयांप्रमाणें कथा वळणें घेते. 'होय' किंवा 'नाहीं' असे केवळ १० निर्णय असले तरी १,०२४ वाटा होतात. २० असले तर १०,४८,५७६! या सर्व वाटा चालून पाहणें कोणत्याही परीक्षकास शक्य नाहीं. म्हणून कांहीं दोष राहणारच. त्यांबद्दल कोणास गुन्हेगार ठरवितां येणार नाहीं. परंतु किती दोष शिल्लक असतांना खेळ बाजारांत आणावयाचा, हा निसर्गनियम नव्हे. तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो.

नाटकमंडळीचा मालक तालीम पुरी होण्याआधींच हस्तपत्रकें वांटतो आणि तिकिटें विकतो. प्रयोगाच्या रात्रीं नट अडखळला कीं प्रेक्षक हुर्यो उडवितात ती नटाची. मालक पडद्याआड असतो. २०१० सालचा 'फॉलआऊट: न्यू व्हेगस' हा खेळ पाहा. 'ऑब्सिडियन' या संस्थेनें तो सुमारें १८ महिन्यांत रचला आणि 'बेथेस्डा'नें प्रकाशित केला. कथा उत्तम, पण दोष पुष्कळ. परीक्षणांच्या गुणांची सरासरी ८५ झाली तर रचणाऱ्यांस बक्षीस मिळावयाचें होतें. ती झाली ८४, आणि बक्षीस गेलें, असें त्या संस्थेचे ख्रिस अव्हेलोन यांनीं २०१२ सालीं सांगितलें. अर्थात् अपुरी मुदत मान्य करणारे चालकही निर्दोष नव्हेत. आपली ऐपत ओळखून करार करणें हें त्यांचें कर्तव्य होतें.

तर मग सारा दोष प्रकाशकाचा काय? 'सायबरपंक २०७७' या खेळाचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. पोलंडमधील 'सीडी प्रोजेक्ट' ही संस्था त्याची रचनाकारही होती आणि प्रकाशकही. २०२० सालीं प्रकाशनाची तारीख तीनदां पुढें ढकलून १० डिसेंबरला तो बाहेर पडला. त्याच्या ८० लाखांवर प्रती आगाऊच विकल्या गेल्या होत्या. जुन्या प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यंत्रांवर त्याची अवस्था दयनीय होती. परंतु प्रकाशनापूर्वीं परीक्षकांच्या हातीं दिली ती फक्त संगणकावरील प्रत. सुमारें आठवड्याभरांत सोनीनें हा खेळ आपल्या दुकानांतून काढून घेतला व पैसे परत देऊं केले. पुढें जानेवारी २०२१ मध्यें संस्थापक मार्चिन इविन्स्की यांनीं क्षमा मागतांना सांगितलें कीं, काम करणाऱ्यांस दोष देऊं नका. निर्णय संचालकांचा होता. यांतले पुष्कळ दोष तपासणींत आढळले नव्हते, असेंही ते म्हणाले. तें खरें मानलें तरी, जुन्या यंत्रावरचें रूप परीक्षकांपासून दूर ठेवण्याचा जाब उरतोच.

तात्पर्य, जबाबदारी ज्ञान व अधिकार यांच्या प्रमाणांत वांटली पाहिजे. रात्री जागून चुका दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅमरला चुकीचें ज्ञान असतें, पण तारीख बदलण्याचा अधिकार नसतो. ग्राहकाजवळ पैसे असतात, पण ज्ञान नसतें. दोन्ही गोष्टी ज्याच्या हातीं, तोच मुख्य जबाबदार. मग त्याची पाटी प्रकाशकाची असो वा रचनाकाराची.

सप्टेंबर २०२३ पर्यंत दुरुस्त्या होऊन 'सायबरपंक'चें रूप पुष्कळ पालटलें. ही गोष्ट त्या संस्थेस भूषणावह खरी. पण पहिल्याच दिवशीं पूर्ण किंमत मोजणाऱ्यास अर्धवट वस्तु मिळाली, हें त्यानें पुसून जात नाहीं. म्हणून श्रोत्यांनीं आपल्या मुलांस दोन गोष्टी सांगाव्या: आपल्याजवळच्या यंत्रावर खेळ कसा चालतो याचें परीक्षण वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत; आणि फसगत झालीच तर कारागिराला शिव्या न देतां, ज्यानें पैसे घेतले त्याच्याकडे ते परत मागावे.